उजेडासाठी बल्ब, देवासाठी ज्योत

कामं आटोपून, भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर जरा घरात नजर फिरवा. आत्ता कुठं ज्योत पेटलेली आहे का? देवघरात निरांजन, कोनाड्यात मेणबत्ती, गोठ्यात चिमणी, उंबऱ्याशी पणती? असेल, तर तिच्याजवळ कोण आहे तेही बघा. आजचं माझं बोलणं या दोन प्रश्नांवरच आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. जिच्याबाबत घडली त्या ताईंना विचारूनच सांगतेय, नाव मात्र सांगणार नाही.

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. संध्याकाळी वळवाचं वादळ आलं आणि लाइट गेली. पडवीत बाराजणी गोल करून बसलेल्या, मध्ये गटाची पेटी आणि रजिस्टर. मी स्टीलची वाटी पालथी घातली, तिच्यावर मेण ठिबकवून मेणबत्ती चिकटवली आणि रजिस्टरशेजारी ठेवली. हो, ती मेणबत्ती मीच लावली होती. हप्त्याचे पैसे द्यायला या ताई पुढं वाकल्या आणि त्यांचा पदर ज्योतीवरून गेला. साडी नायलॉनची. क्षणात पेट घेतला. त्या घाबरून उठल्या आणि अंगणातल्या हौदाकडं पळाल्या. वारा लागला तशी आग खांद्यापर्यंत चढली. त्यांच्या जाऊबाई मागून धावल्या, त्यांनी ताईंना खाली पाडलं आणि वर गोधडी टाकली. सगळं मिळून अर्धं मिनिटही झालं नसेल.

त्यानंतर कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद आणली. आम्ही ते लावलंही. दवाखान्यात डॉक्टरांना उपचारांआधी ते सगळं धुऊन काढावं लागलं, तेव्हा ताई कळवळून ओरडत होत्या. चार महिने त्यांचा उजवा हात वर होत नव्हता. खुरपणी बुडाली, कांद्याची लागण बुडाली. उपचारांसाठी गटातूनच कर्ज घ्यावं लागलं. त्याचं व्याज आम्ही एकमतानं सोडलं, पण बुडालेली मजुरी आणि सोसलेलं दुखणं कुठल्या खात्यावर लिहिणार?

बऱ्या झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “ताई, माझा हात ज्योतीला लागला नव्हता. पदरही लागला नव्हता. तो तर वरून गेला होता.” तेव्हा मला कळलं, की रोज ज्योत हाताळणाऱ्या आपण बायका, पण ती जळते कशी हे आपल्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही.

तर ते आधी समजून घेऊ. मेणबत्तीत नुसती वात जळत नाही. ज्योतीच्या आचेनं मेण वितळतं, ते वातीतून वर चढतं, तिथं त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मेणबत्ती विझवली की जो पांढरा धूर दिसतो, ती ही न जळलेली वाफच असते. पणतीतही असंच होतं, फक्त मेणाच्या जागी तेल असतं. वात लांब ठेवली की वाफ जास्त, म्हणून ज्योत मोठी आणि काजळीही जास्त. वात पाव इंचाएवढीच वर ठेवावी ती यासाठी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्योतीची गरम हवा सरळ वर जाते. शेजून हात नेला तर अगदी जवळ जाईपर्यंत चटका बसत नाही. वरून मात्र वीतभर अंतरावरही हात धरवत नाही. आपल्याला डोळ्यांना दिसते तेवढीच ज्योत वाटते, पण तिच्या डोक्यावर न दिसणारा आगीचा खांबच उभा असतो. पदर, ओढणी, सुटे केस, पोरींचा घेरदार परकर हे त्या खांबातून गेलं, की ज्योतीला न शिवताही पेटू शकतं. सुती कापड भराभर जळतं. नायलॉन किंवा पॉलिस्टरचं कापड वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणजे कुठल्याच साडीच्या भरवशावर राहू नका.

आता घरात ज्योत लावताना चार प्रश्न विचारायचे. बोटांवर मोजता येतील असे सोपे आहेत. वर काय? खाली काय? शेजारी काय? आणि जवळ कोण?

पहिला प्रश्न, वर काय? ज्योतीच्या वर तीन फूट तरी मोकळं हवं. देवघराची फळी, भिंतीवरचं कॅलेंडर, प्लॅस्टिकच्या फुलांचं तोरण, कपड्यांची दोरी, मच्छरदाणी यातलं काहीही वर नको. समईच्या पलीकडची वस्तू हवी असेल, तर समईवरून हात घालू नका. वळसा घालून जा. पूजेला, आरतीला बसताना पदर कमरेला खोचा, ओढणी मागं बांधा, मुलींच्या वेण्या बांधा.

दुसरा प्रश्न, खाली काय? प्लॅस्टिकचं स्टूल, टीव्ही, फ्रिज, लाकडी पेटी, वर्तमानपत्र यांच्यावर मेणबत्ती ठेवू नका. मेणबत्ती संपत आली की तिची आच खालच्या वस्तूला लागते. प्लॅस्टिक वितळून स्वतःच पेटतं. स्टीलच्या ताटलीत वाळू घ्या, त्यात मेणबत्ती घट्ट रोवा. ती बोटभर उरली की विझवा. ‘जाऊ दे संपेपर्यंत’ हा विचार महागात पडतो.

तिसरा प्रश्न, शेजारी काय? सगळ्या बाजूंनी फूटभर तरी मोकळं असावं. खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलतो, म्हणून बंद पडद्यापासून नाही, उडत्या पडद्यापासून अंतर मोजा. कापूर, सॅनिटायझर, अत्तर हे सगळं पटकन पेटणारं आहे. सॅनिटायझर लावलेला हात पूर्ण सुकल्याशिवाय काडी ओढू नका. गोठ्यात कडब्याजवळ तर उघडी ज्योत नकोच.

गॅस सिलिंडरशेजारीही ज्योत नको. पुष्कळ घरांत देवघर स्वयंपाकघरातच असतं. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साठतो आणि पसरत जातो. त्याला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, तो आपल्याला कळावा म्हणून. असा वास आला तर काडी ओढायची नाही, लाइटचं बटण चालू किंवा बंदही करायचं नाही, कारण बटणातसुद्धा ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ या नंबरला फोन लावा. गॅस गळतीसाठीचा हा नंबर आहे.

चौथा प्रश्न, जवळ कोण? मोठं, जागं, शुद्धीवर असलेलं माणूस त्या खोलीत नसेल तर ज्योतही नसावी. लहान मूल म्हणजे ‘कोण’ नव्हे. उलट लहान मूल असेल तर काडेपेटीसुद्धा उंचावर हवी. रात्री झोपताना ज्योत विझवायची. आणि जवळ कोण, याचं एक उत्तर आपण नेहमी विसरतो, ते म्हणजे उंदीर. तेलातुपात भिजलेली वात त्याला खाऊ वाटते. तो ती ओढून नेतो, कधी कधी जळतीच. मग आग देवघरात लागत नाही, माळ्यावर लागते, आणि कशानं लागली ते कुणालाच कळत नाही. निरांजनाला काचेचं भांडं किंवा वर जाळी असलेलं झाकण ठेवलं तर हा धोका कमी होतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, एवढं लक्ष कोण ठेवणार? बरोबर आहे. म्हणूनच माझं म्हणणं असं, की ज्योत घरातून काढून टाकू नका, ज्योतीचं काम कमी करा. आपण ज्योत दोन कारणांनी लावतो. एक दिसायला उजेड हवा म्हणून आणि दुसरं देवासाठी, सणासाठी. उजेडासाठी आता ज्योतीची गरजच राहिलेली नाही. लाइट गेली की मेणबत्ती शोधायची, ही सवय आपण सोडू शकतो.

त्यासाठी काय काय मिळतं? एक म्हणजे चार्जिंगचा एलईडी बल्ब. नेहमीच्या बल्बसारखाच होल्डरमध्ये लावायचा. लाइट असताना त्याच्या आतली बॅटरी भरत राहते, लाइट गेली की तो त्या बॅटरीवर चालतो, साधारण तीन-चार तास. मात्र भिंतीवरचं बटण चालू ठेवलेलं हवं, नाहीतर तो चार्जच होत नाही. घरात असा एक बल्ब स्वयंपाकघरात आणि एक मुलं अभ्यास करतात तिथं पुरतो.

दुसरा सोलर कंदील. जिथं लाइट दिवसदिवस येत नाही, वस्ती रानात आहे, तिथं हा उपयोगी. त्याची काचेची पाटी दक्षिणेकडं कलती ठेवायची, सावली पडू द्यायची नाही आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसायची. धूळ बसली की चार्जिंग कमी होतं आणि आपण म्हणतो, कंदील खराब निघाला. असे सोलर दिवे बायकांनी स्वतः बनवलेलेही आहेत बरं का. मुंबईच्या आयआयटीच्या उपक्रमात शाळेतल्या मुलांसाठीचे सोलर दिवे गावातल्याच लोकांनी जोडले. राजस्थानातल्या डुंगरपूरला तर बचत गटांच्या आदिवासी बायकांनी सोलर दिव्यांचं आणि सोलर पॅनलचं काम हाती घेतलं. त्या शिकल्या, तशा आपणही शिकू शकतो.

तिसरी साधी बॅटरी, म्हणजे टॉर्च. ती ठरल्या जागीच लटकवलेली हवी. अंधारात हात घातला की सापडली पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर हिशेब मांडू. एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. एलईडीचा ९ वॅटचा बल्ब एका युनिटात १११ तास चालतो. आणि अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी, ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणतो, तो एका युनिटात २,००० तास चालतो, म्हणजे रात्रंदिवस ठेवला तरी ८३ दिवस! आता तुमच्या घरात महिन्याला मेणबत्तीचे किती पुडे लागतात ते मोजा, वर्षाचा हिशेब घाला आणि एका चार्जिंग बल्बच्या किमतीशी लावून बघा. उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

पण बिनज्योतीचा दिवा म्हणजे बिनधोक दिवा असं समजू नका. दिवाळीत बाजारात छोट्या एलईडी पणत्या येतात. काही पाणी घातलं की पेटतात, पोरांना फार गंमत वाटते. त्यांच्या तळाशी गोल, चपटा, नाण्यासारखा सेल असतो. तो लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होते. म्हणून सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारीच पणती घ्या आणि वापरलेले सेल उघड्यावर टाकू नका. मुलानं सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या आणि ‘सेल गिळलाय’ हे शब्द स्पष्ट सांगा. तसंच चार्जिंगचे दिवे गादीवर, उशीखाली चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगली असेल तर तो दिवा पुन्हा वापरूच नका.

आता राहिला देवाचा दिवा. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चिडल्याच. म्हणाल्या, “बटणाच्या दिव्याला नमस्कार कसा करायचा गं?” मी वाद घातला नाही. त्यांनाच विचारलं, “आत्या, तुमच्या लहानपणी आकाशकंदिलात काय लावायचे?” त्या म्हणाल्या, “पणती. कागद पेटायचा कधी कधी, मग बापू शिडी घेऊन धावायचे.” मग स्वतःच थांबल्या. आज आकाशकंदिलात सगळीकडं बल्बच असतो, आणि म्हणून दिवाळी कमी झाली असं कुणी म्हणत नाही.

शेवटी आमच्या घरी ठरलं ते असं. सांजवातीला आणि पूजेला खरी ज्योत, आणि आत्याबाई तिथं बसलेल्या असतात तोवर ती तेवती. उठताना त्या ती विझवतात आणि झिरोचा एलईडी लावतात. देवघर रात्रभर उजळलेलं राहतं. त्या आता शेजारणींना सांगतात, “माझा नंदादीप बिनतेलाचा आहे.” दिवाळीतही तसंच. दारापुढच्या रांगोळीतल्या पणत्या खऱ्या, पण त्यांच्यापाशी कुणीतरी बसलेलं असतं. जिन्यावर, कठड्यावर, माडीवर जिथं कुणी बसत नाही तिथं एलईडी.

वाढदिवसाचंही एक सांगते. मेणबत्ती पेटलेली असताना फेसाचा स्प्रे उडवू नका. तो पेट घेतो आणि केकपुढं उभं असलेल्या लेकराच्या तोंडावरच भडका उडतो. गॅसचे फुगेही मेणबत्तीपासून लांब ठेवा. काही फुग्यांत भरलेला गॅस ठिणगीनं फुटतो.

आपल्यातले बरेच गट मेणबत्त्या बनवून विकतात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. मेण थेट गॅसवर किंवा चुलीवर ठेवून वितळवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यात मेणाचं भांडं ठेवा. पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, म्हणून मेणही त्याच्यावर जात नाही. बाहेरचं पाणी आटलं तर हा आधार जातो, त्यावर लक्ष हवं. मेणातून धूर यायला लागला की समजा, आता ते पेटायच्या बेतात आहे. आच बंद करा. पेटलंच तर पाणी अजिबात टाकू नका. पाण्याची वाफ होते आणि जळतं मेण चौफेर उडतं. वर झाकण ठेवा, आच बंद करा, पूर्ण गार होईपर्यंत झाकण उचलू नका. वाळूची बादली हाताशी ठेवा.

आणि केकवरच्या, फुलबाजीसारख्या उडणाऱ्या मेणबत्त्यांचं काम कितीही पैसे देतो म्हटलं तरी घेऊ नका. त्यात फटाक्याची दारू असते. हे काम परवान्याशिवाय करता येत नाही आणि घरात तर नाहीच. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्याला असल्याच मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली आणि कामावर आलेल्या बायकांचे जीव गेले. त्याही तुमच्या-माझ्यासारख्या, चार पैसे जोडायला बाहेर पडलेल्या होत्या.

एवढं करूनही कपडा पेटलाच, तर तीन शब्द लक्षात ठेवा: थांबा, आडव्या व्हा, लोळा. पळायचं नाही. पळालं की वारा लागतो, आणि उभं राहिलं की आग वर, तोंडाकडं चढते. जमिनीवर आडवं झालं, दोन्ही हातांनी तोंड झाकून लोळलं, की आग दबते. दुसरीला वाचवायचं तर जाड सुती गोधडी किंवा घोंगडं टाकून तिला आडवं करा. आमच्या ताईंच्या जाऊबाईंनी नेमकं तेच केलं, म्हणून ताई आज आपल्यात आहेत.

भाजल्यावर एकच औषध: साधं, गार, वाहतं पाणी, २० मिनिटं. घड्याळ लावून २० मिनिटं. नळ नसेल तर तांब्यानं सारखं ओतत राहा. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी काढा. कातडीला चिकटलेलं कापड किंवा मेण ओढू नका. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ काही नको. फोड फोडू नका. स्वच्छ, कोरडं सुती कापड सैल झाका. तोंड, हात, सांधे भाजले असतील, तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल किंवा लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल, तर १०८ ला फोन करा. मोठी आग लागली तर १०१ किंवा ११२. आणि बायांनो, लोक काय म्हणतील म्हणून भाजलेलं लपवू नका.

शेवटी या महिन्यासाठी एक काम. पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले की अर्धा तास काढा. दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि एकमेकींच्या घरी जाऊन चार प्रश्न विचारा: वर काय, खाली काय, शेजारी काय, जवळ कोण. स्वतःच्या घरातली चूक आपल्याला दिसत नाही, दुसरीला लगेच दिसते. आणि ‘थांबा, आडव्या व्हा, लोळा’ हे पोरांकडून अंगणात करून घ्या. त्यांना खेळ वाटेल, पण वेळेला आठवेल.

आमच्या त्या गटानं नंतर पहिली खरेदी केली ती दोन चार्जिंग बल्बांची. आता बैठकीत लाइट गेली तरी रजिस्टर बंद होत नाही. त्या ताई अजूनही माझ्या शेजारीच बसतात. हप्ता द्यायला पुढं वाकतात, तेव्हा माझा हात आपोआप त्यांचा पदर सावरायला जातो. आता मध्ये मेणबत्ती नसते, तरीही जातो. त्या हसतात आणि म्हणतात, “राहू द्या ताई, बल्ब आहे.”

घरातली ज्योत जपा, आणि स्वतःला त्याहून जास्त जपा. नमस्कार.